येताना डावं-उजवं

८ जानेवारी १९८४, रविवार

ही डायरी नाथाने मस्कतहून पाठवली. तिच्यात शुक्रवार लाल छापलाय आणि रविवार काळा. आज रविवार, माझी सुट्टी, आणि पान काळं. सुट्टीसारखं आज काही वाटलंही नाही.

सौ. सकाळच्या गाडीने देवळ्याला गेली. माहेरी कांद्याची लागण चालू आहे आणि तिचा भाऊ बहिरू मजूर मिळत नाहीत म्हणून रडतोय. मी स्टँडवर पोचवायला गेलो. खिडकीतून म्हणाली, "जाते." मी म्हटलं, "पाण्याची बाटली घेतलीस का?" तेवढ्यात गाडी हलली. घरी येऊन बघतो तर बाटली ओट्यावर.

काल संध्याकाळी पोळ्या लाटताना ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी हं, हं करत होतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंकच्या बोर्डावर बसणाऱ्या माणसाचे कान दिवसभर दुसऱ्यांनीच वापरलेले असतात. घोटीचा तांदळाचा व्यापारी मुंबईवर ओरडतो, मुंबई त्याच्यावर ओरडते आणि मध्ये मी. घरी आल्यावर 'हं'पेक्षा मोठा शब्द तोंडातून निघत नाही. आमचं दोघांचंच घर, मूलबाळ नाही, त्यामुळे तेवढ्यावर भागतं. तिलाही आता सवय झाली आहे.

दुपारी माळ्यावरचं खोकं खाली काढलं. नाथा म्हणजे माझा धाकटा भाऊ, आधी ओझरच्या विमान कारखान्यात होता. आकाशात विमान दिसलं की दादाची मान खाली येत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. म्हणून दिवाळीत त्याने हे पाठवलं. बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, विमानाचा नकाशा, मुठीत मावेल एवढं खरंखुरं इंजिन, आणि जमिनीवर उभं राहून विमान चालवायचा रेडिओचा डबा. "घरात पसारा नको," म्हणून सौ.ने ते माळ्यावर टाकलं होतं. आता पसाऱ्याला कोण विचारतंय? लागण संपेपर्यंत पंख तरी होतील.

१४ जानेवारी, शनिवार

बाल्सा हे लाकूड आहे यावर माझा अजून विश्वास नाही. हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटत नाही. दाढीच्या ब्लेडने पंखाच्या फासळ्या कापतोय. नख जरा जोरात लागलं तरी खड्डा पडतो. एक फासळी शिंकेने उडून मोरीत गेली.

संक्रांत. समोरच्या क्वार्टरमधल्या शकुबाई तिळगूळ घेऊन आल्या. "वहिनी सणालाही नाहीत?" म्हणाल्या. मी सांगितलं, लागण आहे. "तिळगूळ घ्या, गोड बोला," असं म्हणून त्यांनी वाटी पुढे केली. मी म्हटलं, "गोड बोलायला आहे कोण घरात?" ही थट्टा होती. त्या हसल्या नाहीत. माझ्या थट्टा लोकांना उशिरा कळतात. "येते हं भाऊ," म्हणून गेल्या. वाटी राहिली आहे, परत करायला हवी. रिकामी वाटी परत करत नाहीत, पण तीत घालायचं काय?

२२ जानेवारी, रविवार

आज बहिरू टेम्पो घेऊन आला आणि शिवणाचं मशीन घेऊन गेला.

"दाजी, ताईनं मशीन मागितलंय," म्हणाला. मी म्हटलं, "लागणीच्या गडबडीत ती शिवणार कधी?" तो फरशीकडे बघत राहिला. "शिवती व्हईल. तुम्हाला बोलली नाय का?"

"बोलली असेल," मी म्हटलं. खरंच असेल.

चहा घेऊन दाराशी गेला आणि थांबला. "दाजी, तुम्ही एकदा येऊन जा. कांदे कांदे काय, ते चालूच ऱ्हातं."

मी म्हटलं, रजा मिळाली की बघतो. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

एक मात्र झालं. खिडकीखालची उजेडाची जागा मोकळी झाली. दोन आठवडे मी पंख सपाट ठेवायला जागा शोधत होतो. पोळपाट लहान, पलंग झोळ आलेला. आता दोन स्टुलांवर जुन्या दाराची फळी टाकली, वर नकाशा, नकाशावर फासळ्या, त्यांना सौ.च्या रंगीत डोक्यांच्या टाचण्या. संध्याकाळपर्यंत डावा पंख उभा राहिला. फार दिवसांनी बरं वाटलं. मशीनच्या जागी फरशीवर चार पायांचे डाग आहेत, ते घासून निघत नाहीत.

४ फेब्रुवारी, शनिवार

या इंजिनाला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल आणि एरंडेल लागतं. मिथेनॉल रसायनांच्या दुकानात मिळालं. एरंडेलासाठी भद्रकालीतल्या तेलवाल्याकडे गेलो. एवढा मोठा डबा पुढे केलेला बघून त्याने विचारलं, "घरात माणसं किती?"

"सध्या एकटाच."

"मग अवघड आहे," म्हणाला, आणि डबा भरून दिला.

परत येताना रस्ताभर हसू येत होतं. घरी आल्यावर हे सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

आज विमानाला कातडं चढवलं. सांगाड्यावर पातळ कागद, कागदावर डोप नावाचं लाखेसारखं रोगण. ओला असताना कागद सुरकुततो आणि जीव खालीवर होतो. वाळला की ढोलकीसारखा ताणतो. बोटाने टिचकी मारली, टण वाजलं. पुन्हा मारली. शकुबाईंना वासाने मळमळलं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

टाचण्या ठेवायला ड्रॉवर उघडला तर सौ.चं अंगुस्तान सापडलं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती पितळी टोपी. मशीन गेलं, टोपी राहिली. पाठवायला हवी. माझ्या करंगळीलाच बसते, इतकी लहान.

लागण संपून महिना झाला असेल. आता निंदणी असणार.

४ मार्च, रविवार

इंजिन सुरू झालं. अंगणात खुंटीला विमान बांधलं, इंजिनाच्या प्लगला एक्स्चेंजमधून मोडीत निघालेला मोठा सेल जोडला, प्लगमधली तार लाल झाली आणि पंखा बोटाने फिरवला. कितीतरी वेळ काही नाही. मग एकदम असा आवाज झाला की अख्ख्या कॉलनीची दारं उघडली. निळा धूर आणि भाजलेल्या एरंडेलाचा वास. मी हर्षाने हात वर केला तेव्हा कळलं की बोट फाटलंय. पंख्याने परत फिरून टोला दिला होता.

शकुबाईंनी हळद लावून चिंधी बांधली. "वहिनींना कळवलंत का?"

"एवढ्याशा बोटासाठी?"

"बोटासाठी नाही हो, भाऊ," म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. बायकांचं हे एक असतं, वाक्य अर्धं सोडायचं आणि आपल्याकडे बघत राहायचं.

डाव्या हाताने भाकरी जमत नाही. भातावर भागवलं.

१८ मार्च, रविवार

लिहायचंच नव्हतं.

सकाळी म्हसरूळच्या पुढच्या माळावर गेलो. वारा पडलेला होता. तिथे पुंजा नावाचा म्हातारा शेळ्या चारतो, तेवढाच माणूस. गाडीवाटेवर विमान ठेवलं, इंजिन लावलं, रेडिओचा डबा गळ्यात अडकवला. विमान धावलं, उड्या मारल्या आणि सुटलं. वर गेलं. माझ्या हातांनी, त्या फळीवर केलेलं ते वर गेलं. मी डब्यावरची दांडी डावीकडे केली तर डावीकडे वळलं, उजवीकडे केली तर उजवीकडे. मला वाटलं, हे तर अगदी सोपं आहे, आपण जन्मभर हेच करायला हवं होतं.

मग ते बरंच लांब गेलं, लहान झालं, आणि मी त्याला परत बोलावलं. ते वळून सरळ माझ्याकडे तोंड करून आलं. येताना माझ्या डाव्या हाताला जरा कललं. मी दांडी उजवीकडे केली. ते आणखी डावीकडे कललं. मी आणखी उजवीकडे केली. बघता बघता पालथं होऊन बाभळीपाशी आपटलं.

पुंजाबाबा शेळ्या सोडून धावत आला. "साहेब, जाताना लय झ्याक गेलं. येताना काय झालं त्याला?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन इंजिनाबरोबरची पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. अख्ख्या हिंदुस्थानातले फोन जोडतो, मला काय पुस्तिका वाचायची, अशी माझी मिजास. शेवटच्या पानावर लिहिलंय की विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर त्याचं डावं तेच आपलं डावं. आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. नवशिक्यांची विमानं जाताना पडत नाहीत, येताना पडतात. उपायही दिलाय. येताना ज्या बाजूचा पंख खाली पडतोय, दांडी त्याच बाजूला ढकलायची. म्हणजे पडणाऱ्याला खालून आधार द्यावा तशी. कितीही वेडगळ वाटलं तरी.

उजवा पंख तुटला. धड चिरलंय. इंजिनात माती गेली.

२ एप्रिल, सोमवार

पाडवा. बोर्डावर आज गर्दी कमी. दरवर्षी सौ.च गुढी उभारते. यंदा मीच उभारावी म्हटलं. काठी घासली, तांब्या घासला, कडुनिंब आणला. गुढीला तिची जांभळी जरीची साडी असते, ती काढायला पलंगाखालची ट्रंक ओढली.

ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या. दुसरं काही नाही.

कांद्याच्या शेतात जरीची साडी कशाला लागते? स्वेटरही नाही. तिच्या आईचा फोटो नाही. माणूस महिन्याभरासाठी आईचा फोटो घेऊन जातो का?

गुढी उभारली नाही. काठी पुन्हा मोरीत ठेवली. कडुनिंब वाळून जाईल.

१० एप्रिल, मंगळवार

आज ड्युटी सुटल्यावर मी माझा स्वतःचा ट्रंक कॉल बुक केला. इतकी वर्षं बोर्डावर बसतोय, पण हे पहिल्यांदाच. देवळ्याला बहिरूच्या वस्तीजवळ एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीवर फोन आहे. कॉल पी.पी., म्हणजे ज्याचं नाव सांगू त्याच माणसाला बोलावून आणायचं. नावाच्या जागी 'सौ.' लिहून चालत नाही. शेजारच्या बोर्डावरच्या मॅडमनी विचारलं, "पार्टीचं नाव?" मी म्हटलं, "चंद्रभागा." किती वर्षांनी तोंडाने म्हटलं कुणास ठाऊक.

मॅडमनी देवळा लावलं. आम्ही आपसांत गावांच्याच नावांनी बोलतो. "हॅलो देवळा, नाशिक बोलतेय, चंद्रभागाबाईंना बोलवा." मी गिऱ्हाईकासारखा कोपऱ्यातल्या फोनपाशी उभा. पेढीवरचा माणूस बोलवायला गेला. लाइनवर लांब कुठेतरी कोंबडा आरवत होता. मग देवळ्याचा आवाज आला, "नाशिक, पार्टी दाराशी आलीय, पण फोन घेत नाहीये. म्हणते, काय निरोप असेल तो सांगा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. लोकांचे निरोप मी जन्मभर पोचवले आहेत. बाळ झालं, म्हातारा गेला, माल सोडा, माल थांबवा. माझा निरोप काय, ते मला सुचेना. बोट बरं झालं? विमान पडलं? बाटली ओट्यावर राहिली?

"निरोप नाही," मी म्हटलं. "कॉल रद्द करा."

मॅडम हळूच म्हणाल्या, "थोडं थांबा ना, अजून लाइन आहे." मी टोपी घालून निघालो. पायरीवर बसून घ्यावंसं वाटलं, पण येणारेजाणारे सगळे ओळखीचे.

११ एप्रिल

ती चिडली आहे. मला ते समजायला हवं होतं. पण कशावरून? मी कधी हात उगारला नाही, कधी दारूला शिवलो नाही, कधी आवाज चढवला नाही. आवाज तर मी घरी काढतच नाही.

२२ एप्रिल, रविवार

पंख नवा केला. धडाला आतून पट्टी लावली. विमान आधीपेक्षा जड झालंय आणि दिसायला ठिगळाचं, पण घट्ट आहे. रोज संध्याकाळी पलंगावर बसून डबा हातात घेतो आणि डोळे मिटून सराव करतो. येतंय, डावीकडे पडतंय, डावीकडे. येतंय, उजवीकडे पडतंय, उजवीकडे. पडतंय तिकडे. पडतंय तिकडे.

घरात कुणी नाही याचा एवढा एक फायदा. कुणी बघितलं असतं तर येरवड्याला पाठवलं असतं.

२९ एप्रिल, रविवार

उडालं, आणि परत आलं.

येताना दोनदा कललं. दोन्ही वेळा हात उलटे जायला बघत होते, मी त्यांना पडत्या बाजूला ढकललं. ते सावरलं. डोक्यावरून गेलं, पुन्हा वळलं, पुन्हा आलं. इंधन संपलं तेव्हा इंजिन बंद झालं आणि ते नुसत्या वाऱ्यावर, आवाज न करता, गाडीवाटेवर येऊन टेकलं.

पुंजाबाबा म्हणाला, "आलं बाबा एकदाचं." मग विचारलं, "येताना एवढा ताप होतो, तर जाऊच कशाला द्यायचं त्याला?"

त्याने शेळ्यांना हाकारलं, काठी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "येतो मंग."

मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. हा दर वेळी 'येतो' म्हणतो आणि जातो. शकुबाई वाटी ठेवून 'येते' म्हणतात आणि जातात. बहिरूसुद्धा मशीन टेम्पोत चढवून 'येतो दाजी' म्हणाला होता. आपल्यात कुणी 'जातो' म्हणतच नाही. चुकून म्हटलं तर घरातलं मोठं माणूस लगेच दटावतं. एकदा दिवाळीत एक पाहुणा 'जातो' म्हणाला, तर चंद्रभागेनेच त्याला उंबऱ्यावर थांबवून 'येतो' म्हणायला लावलं होतं.

आणि ती त्या दिवशी खिडकीतून काय म्हणाली होती?

मी पाण्याची बाटली विचारली.

ऊन चढेपर्यंत माळावरच बसून होतो. विमान मांडीवर घेऊन. रडलो. इथे लिहायला हरकत नाही, बघायला एक शेळीच मागे राहिली होती.

१ मे, मंगळवार

सुट्टी. पहिल्या गाडीने देवळ्याला गेलो. विमान नेलं नाही. खिशात अंगुस्तान होतं, जाऊन काय म्हणायचं याची तेवढीच सोय.

रस्त्याने सगळीकडे कांदे काढून झालेले, साठवणीच्या चाळी भरलेल्या. म्हणजे कांद्याचं कारणही आता उरलं नव्हतं.

बहिरू दारात होता. "ताई पडवीत शे," म्हणाला आणि मुद्दाम शेताकडे निघून गेला. पडवीत खिडकीखाली मशीन मांडलेलं, शेजारी खाकी कापडाचा ढीग. गावातल्या शाळेच्या गणवेशांचं काम तिला मिळालंय. चंद्रभागा वाळली आहे. तिने पाणी दिलं, चहा दिला आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

मी अंगुस्तान मशीनवर ठेवलं. "हे राहिलं होतं," म्हटलं.

"हं," ती म्हणाली.

मग मी बोलायला लागलो. का ते माहीत नाही. एरंडेलवाल्याचं सांगितलं. बोट दाखवलं. विमान कसं गेलं, कसं पडलं, पुंजाबाबा काय म्हणाला, येताना डावं-उजवं कसं उलटं होतं आणि पडतंय तिकडेच हात कसा न्यायचा, सगळं सांगितलं. लग्न झाल्यापासून एवढं मी तिच्याशी सलग बोललो नसेन. ती कापड सरकवत हं, हं करत होती. मधूनच मशीन थांबे आणि पुन्हा सुरू होई. समोरचा माणूस नुसतं हं, हं करतो तेव्हा बोलणाऱ्याचा घसा कसा कोरडा पडतो, ते मला आज कळलं.

शेवटी विचारलं, "तू निघायच्या आदल्या दिवशी पोळ्या लाटताना काय सांगत होतीस?"

मशीन थांबलं.

"सांगत नव्हते. विचारत होते."

"काय?"

"इथल्या कामाचं विचारलं. मग म्हटलं, या घरात मी असले काय नि नसले काय, तुम्हाला सारखंच आहे. मी कायमची गेले तर चालेल का." तिने दोरा दाताने तोडला. "तुम्ही हं म्हणालात. मला वाटलं, ऐकलं नसेल. पुन्हा विचारलं. पुन्हा हं म्हणालात."

ऐकलं नव्हतं, हे सांगून काय होणार होतं? तेच तर तिचं म्हणणं होतं.

बाहेर कुणीतरी चाळीवर पाचट टाकत होतं, त्याचा आवाज येत राहिला. तिने पुन्हा मशीन सुरू केलं. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा उठलो, टोपी घातली, चपला शोधल्या. तिची पाठ माझ्याकडे होती.

"जातो," मी म्हणालो.

मुद्दाम नाही म्हणालो, तोंडातून तेच निघालं. पडवी उतरून अंगणात आलो आणि मागे मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

"जातो म्हणू नये," ती आतून म्हणाली. "येतो म्हणावं."

मी वळलो. ती मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती, दोरा नेढ्यातून जात नव्हता. अंगुस्तान तिच्या बोटात होतं. मी परत पायरीशी गेलो आणि म्हणालो, "येतो."

ती म्हणाली, "हं."